गाजराच्या रंगाची बाटली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल परवा मिळालं. स्वेटर मापात बसला. बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरातल्या नारिंगी रंगाच्या, गोळ्यांची बाटली मात्र अजून उघडलेली नाही. आईने चारदा विचारलं, मी टाळलं. तुला कारण सांगतो.

या रंगाशी माझी जुनी ओळख. नारिंगी गाजरांचा हलवा होत आला की कढईच्या कडेला तूप सुटतं आणि तेही नारिंगी दिसतं, आठवतं? तेच कॅरोटीन. पाण्यात विरघळत नाही, तुपात लगेच उतरतं. वर्गात दरवर्षी हे सांगायचो, पोरांच्या लक्षात फक्त हलवा राहायचा.

गाजरं, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो, असं पूर्वीच लक्षात आलं होतं. मग वाटलं, गुण या रंगाचाच असणार, काढा आणि गोळीत भरा. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणारे 50 ते 69 वयाचे 29,133 पुरुष घेतले. त्यांतल्या निम्म्यांना काही वर्षं रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. 1994 साली निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांतच फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतल्या अशाच प्रयोगात कॅरोटीनच्या जोडीला अ जीवनसत्त्वही होतं. तिथेही गणित उलटंच आलं आणि जानेवारी 1996 मध्ये तो मुदतीआधी थांबवावा लागला. त्यात सिगारेट सोडलेलेही होते. त्यांच्यात धोका तितका स्पष्ट दिसला नाही, पण ‘आता सोडली ना’ म्हणून निर्धास्त राहावं असं मला वाटत नाही.

गाजर खाऊन असं झालेलं नाही हं. गाजरात हा रंग एकटा नसतो, आणि बशीभर कोशिंबिरीतून येतो तो बेतानेच. हळदीच्या गोळ्याही धाडू नकोस. त्यातलं कुरकुमिन रक्तात फारसं उतरतच नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत मिळालेलं यश पोटात टिकेलच असं नाही.

आता खरं सांगतो. दिवाळीत फोनवर ‘सोडली’ म्हणालो, ते पूर्ण खरं नव्हतं. दोन अजून आहेत, रात्री गच्चीवर, आई झोपल्यावर. म्हणजे ती झोपली असं मी समजतो. गच्चीची कडी मला रोज काढलेलीच सापडते.

सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहे, त्या दोनांसाठीच. मार्चमध्ये येशील तेव्हा बाटली परत ने. मंडईतून दोन किलो गाजरं आणली आहेत, आईने किसणी माझ्याच हातात दिली आहे.

तुझा,
बाबा