मागचा टायर बदलावा की नाही, याविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. मोटरसायकलच्या मागच्या टायरमध्ये खिळा घुसला, त्याच आठवड्यात खड्ड्याच्या धारदार काठाला लागून टायरच्या बाजूला चीर पडली, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागावरची खाचांची नक्षी अजून भरपूर शिल्लक असल्यामुळे तो टाकून द्यायला तुझा जीव होत नाही, हे सगळे मी नीट वाचले. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तू टांगणीला लागणार नाहीस: हा टायर बदल. नुसत्या खिळ्याचा प्रश्न असता तर मी असे लिहिले नसते. या दोन इजांमधला फरक तुझ्या ध्यानात यावा म्हणूनच पत्र थोडे लांबवतो आहे.

खिळ्याचे आधी उरकतो. तो नक्षीच्या मधल्या पट्ट्यात सरळ शिरला आहे आणि बारीक आहे. ट्यूबलेस टायरच्या मधल्या भागातले साधारण ६ मि.मी. पर्यंतचे भोक दुरुस्त करता येते, असे टायर बनवणारे बहुतेक जण मानतात. मात्र ती दुरुस्ती आतून व्हायला हवी. चाक काढून, टायर रिमवरून उतरवून, भोक साफ करून त्यात आतल्या बाजूने दांडीसकट पॅच बसवायचा, ज्याला मशरूम पॅच म्हणतात. बाहेरून सळईने चिकट पट्टी कोंबतात, ती वाटेत अडकलेल्या माणसाला घरी पोहोचवण्यापुरती चांगली. पण टायर न उतरवता केलेल्या कामात त्याची आतली बाजू कोणी पाहिलेलीच नसते. तुझ्या बाबतीत ती पाहणे फार आवश्यक होते, त्याचे कारण पुढे येईलच.

आता त्या चिरेकडे वळतो, कारण निर्णय तिथेच आहे. तिसरा फोटो मी मोठा करून बऱ्याच वेळा पाहिला. रिमच्या कडेपासून दोनएक बोटांवर, गोलाईच्या दिशेने गेलेली ती चीर आहे. वरून पाहिले तर ब्लेडने ओढल्यासारखी बारीक दिसते, पण तू अंगठ्याने तिचे ओठ उघडून धरले आहेस तिथे काळ्या रबराच्या आत पांढरट, पिंजलेली टोके स्पष्ट दिसतात. ते टायरचे दोरे आहेत. रबर आपल्या डोळ्यांना दिसते, म्हणून टायर म्हणजे रबर असे आपण समजतो. प्रत्यक्षात आतल्या हवेचा दाब धरून ठेवतात ते नायलॉन किंवा तत्सम धाग्यांचे थर, आणि रबर त्यांना एकत्र बांधते, झाकते व रस्त्याला पकडते. चीर रबरापुरती असती, म्हणजे बोथट काडीने चाचपल्यावर तळाशी अखंड रबरच लागले असते, तर मी तुला नजर ठेवून चालवायला सांगितले असते. दोरे तुटलेले दिसले की मात्र विचार करण्यासारखे फारसे काही उरत नाही, कारण तुटलेला दोरा कोणत्याही सोल्यूशनने पुन्हा जुळत नाही.

नक्षीखाली रबर जाड असते आणि टायरचा तो भाग तुलनेने कमी वाकतो, म्हणून तिथला पॅच टिकतो. बाजूची भिंत मुद्दाम पातळ आणि लवचिक केलेली असते. चाकाचा तो भाग रस्त्याजवळ आला की ती फुगून वाकते आणि पुढे गेला की पुन्हा सरळ होते. तुझ्या गाडीसारख्या सतरा इंची चाकाचा घेर पावणेदोन ते दोन मीटर धरला, तर एका किलोमीटरमध्ये ते जवळपास पाचशे ते पावणेसहाशे वेळा फिरते, म्हणजे ताशी ६० च्या वेगाने जाताना ती चीर दर मिनिटाला तितक्या वेळा उघडते आणि मिटते. शेजारच्या दोऱ्यांवर तुटलेल्यांचा भार आधीच आलेला असतो. त्यात उघड्या चिरेतून पाणी आणि माती आत जाते, रबर आणि दोरे यांची पकड सुटत जाते, आणि एखाद्या दिवशी तिथे फुगा येतो. फुगा येण्याची वाट पाहावी, असे तुला कोणी सुचवले असेल तर ते मनातून काढून टाक. फुगा म्हणजे दोऱ्यांनी हात टेकल्याची खूण आहे आणि तो रस्त्यात येणार की घरी, हे आपल्या हातात नसते.

तू लिहितोस की चीर पडल्यापासून हवा तसूभरही कमी झालेली नाही, आणि साबणाचे पाणी लावले तरी बुडबुडा येत नाही. मला हे खरे वाटते, आणि तरीही त्याने माझे मत बदलत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवण्याचे काम सर्वांत आतल्या पातळ रबरी थराचे असते. तो थर शाबूत आहे एवढेच साबणाच्या पाण्याने कळते. त्या थरामागचा आधार किती उरला आहे, हे हवेच्या काट्यावर दिसत नाही. तो शेवटच्या क्षणापर्यंत तोच आकडा दाखवत राहील.

तुझ्या पत्रातली आणखी एक गोष्ट तू जाता जाता लिहिली आहेस, पण मी तिथे थांबलो. खिळा लागल्यावर हवा बरीच उतरली होती आणि तशीच गाडी घरापर्यंत आणली, असे तू म्हणतोस. हवा कमी असताना बाजूची भिंत नको तितकी दुमडते, रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये ती चुरडली जाते, आणि तापते. हे नुकसान बाहेरून अनेकदा दिसत नाही. टायर उतरवला की आत काळी रबराची भुकटी किंवा बारीक गोळ्या सापडतात, आणि भिंतीवर आतून गोल फिरलेली सुरकुती किंवा खरवडल्यासारखा पट्टा दिसतो. तसे दिसले तर चीर नसती तरी तो टायर बाद. म्हणून दुकानात टायर काढतील तेव्हा तू जवळ उभा राहा, त्याच्या आतून हात फिरव, आणि तो ताबडतोब कोपऱ्यात भिरकावू देऊ नकोस.

टायरमध्ये ट्यूब घालून चालवण्याचा, नाहीतर चिरेवर आतून गेटर लावण्याचा जो सल्ला तुला मिळाला, तो देणाऱ्याचा हेतू वाईट नसणार. पण ट्यूब हवा धरते, भार धरत नाही. ती फुगून त्या कमकुवत जागेवरच दाबली जाईल. शिवाय ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून उष्णता वाढते. सर्वांत वाईट म्हणजे ट्यूब फाटली की हवा एकदम जाते, तर ट्यूबलेसमध्ये खिळा असतानाही ती बहुधा हळूहळू जाते. ट्यूबलेसचा हा मोठा फायदा आपण स्वतःच्या हाताने गमावायचा आणि वर तुटलेला दोरा तसाच ठेवायचा, यात मला काही शहाणपण दिसत नाही. गेटर म्हणजे आतून लावलेली ठिगळपट्टी. वाकणाऱ्या भिंतीवर ती फार काळ जागची राहत नाही, आणि तिथे वजन वाढल्याने चाक हादरते ते वेगळेच.

‘मागचाच तर टायर आहे,’ असे तू लिहिलेस. पुढचा टायर फुटला तर गाडी सावरणे जास्त कठीण, हे खरे. पण जास्तीचा भार मागचा टायर वाहतो, आणि वहिनी मागे बसतात तेव्हा तर बराचसा वाढलेला भार त्याच्यावरच येतो. मागची हवा एकाएकी गेली तर गाडीचे शेपूट दोन्हीकडे डोलू लागते. अशा वेळी हँडल सैलसर पण ठाम धरून थ्रॉटल हळू सोडायचा असतो, मागचा ब्रेक लावायचा नसतो, आणि मागे माणूस बसलेला असताना हे निभावणे अवघड जाते. जवळच्या फेऱ्यांपुरताच वापरण्याचा विचारही मला पटत नाही. दोरे अंतर मोजून तुटत नाहीत, आणि अचानक लागलेला खड्डा पहिल्या किलोमीटरलाही भेटतो.

नक्षी आणि वय यांविषयी थोडक्यात. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे जे आडवे उंचवटे असतात, त्यांच्यापासून तुझी नक्षी अजून बरीच वर आहे, आणि बाजूवरचे शेवटचे चार आकडे १४२२ आहेत, म्हणजे टायर २०२२ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला. झीज आणि वय या दोन्ही बाबतींत टायर उत्तीर्ण आहे, आणि म्हणूनच तुला हळहळ वाटते. मलाही वाटते. पण ज्या कारणासाठी तो बाद होतो आहे, त्याच्याशी नक्षीचा संबंध नाही.

नवा घेताना मापात बदल करू नकोस. रुंद टायर दिसायला भारदस्त वाटतो, पण त्याच रिमवर तो चिमटून त्याची गोलाई बिघडते, आणि साखळीला किंवा स्विंगआर्मला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला, घासण्याची भीती राहते. मापापुढचा भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर गाडीच्या पुस्तकात दिले आहे त्याहून कमी नसावे; उदाहरणार्थ ६२ म्हणजे २६५ किलो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. पुढचा टायर रेडियल, म्हणजे आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे घातलेला, आहे की नाही हे बघून मगच मागचा ठरव, कारण दोन जातींची जोडी गाडी बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय लावू नये. कोणी वापरलेला टायर स्वस्तात देऊ केला तर घेऊ नकोस. त्याच्या आत काय घडून गेले आहे ते तुला कोण सांगणार? बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते पाहा, व्हॉल्व्ह नवा घालायला सांग, आणि चाक बॅलन्स करून घे. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तेव्हा पहिले दीडशे किलोमीटर तरी गाडी जपून वाकव आणि जोरात ब्रेक मारणे टाळ.

तोवर गाडी उभीच ठेव, आणि शक्य असेल तर चाक काढूनच दुकानात ने. एक काम मात्र आजच कर. ज्या खड्ड्याने मागचा टायर चिरला, त्यात पुढचे चाक आधी गेले होते, आणि त्याविषयी तू पत्रात एक अक्षरही लिहिलेले नाहीस. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन पुढचे चाक हवेत उचलून हळू फिरव, रिमची कड कुठे दबली आहे का ते एका जागी बोट धरून बघ, आणि टायरच्या दोन्ही बाजूंवरून तळहात फिरवून कुठे उंचवटा लागतो का ते चाचपून पाहा. काही सापडले तर उजेडात फोटो काढून लगेच पाठव.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र