मंत्रीसाहेब, गोष्टीच्या तासाचा फोटो मागू नका

मा. शालेय शिक्षण मंत्री साहेब, नमस्कार.

मी धुळे जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर पहिली-दुसरीला शिकवतो. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, बाकी तुम्हाला माहीतच आहे. आज पगार-बदली यातलं काहीच लिहीत नाहीये, गोष्टीबद्दल लिहितोय. वाचून दाखवायची नाही, मोबाईलवर लावून द्यायची तर नाहीच नाही, तोंडी सांगायची गोष्ट.

माझ्या वर्गात एक पोरगा होता, जूनपासून दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नव्हतं त्याने. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकातली मराठी, मग काय बोलणार बिचारा. एकदा भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगत होतो, म्हातारी निघाली लेकीकडे, वाटेत भेटला वाघ, आणि हा मागून एकदम ओरडला, "डोकरी सर, डोकरी!" (अहिराणीत म्हातारीला डोकरी म्हणतात.) सगळा वर्ग हसला, मीपण हसलो, म्हटलं बरं बाबा, पुढची तूच सांग. आणि सांगितली की त्याने, वाघाचा आवाज काढून, अर्धी अहिराणी अर्धी मराठी, आणि त्याच्या डोकरीने लेकीकडे तूपरोटी नाही तर कळण्याची भाकर खाल्ली!

वाचून दाखवताना माझी नजर पुस्तकात असते हो, सांगताना ती पोरांवर असते, कोण कुठे हरवलंय ते लगेच दिसतं, मग तेवढं वाक्य परत घ्यायचं, त्यांच्या बोलीत घ्यायचं. आणि "आता काय होणार?" म्हणून थांबलं की सगळा वर्ग अंदाज बांधायला लागतो, चाचणीत आकलन आकलन म्हणतात ते दुसरं काय असतं?

हे काही मी शोधलेलं नाही. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० मध्ये लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं तेव्हापासून गोष्ट हेच त्यांचं मोठं हत्यार, ताराबाई मोडक तिथेच काम करून आल्या आणि १९४५ ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही गोष्टीतून शिकवण्याचा उल्लेख आहे. म्हणजे कागदावर सगळं आहे!

पण शाळेत काय होतं, वरून मेसेज येतो, गोष्ट सांगतानाचे फोटो आजच्या आज लिंकवर टाका. वाघ ऐन झेप घ्यायला आणि मी खिशातून मोबाईल काढतो, पोरं लगेच हाताची घडी घालून ताठ बसतात. झालं, गेली गोष्ट.

म्हणून मागणी छोटी आहे. पहिली-दुसरीला रोज वीस मिनिटं गोष्टीची वेळापत्रकात टाका (शाळांमध्ये आनंददायी शनिवार हा उपक्रम आहे, मान्य, पण पोरांना सोमवारीपण गोष्ट लागते), बोलीत सांगायची मोकळीक लेखी द्या, डीएडच्या, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणाऱ्या पोरांना पुस्तक न धरता गोष्ट सांगायचा सराव द्या. गावातल्या आज्यांना वर्गात बोलवू द्या, त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त माल आहे. आणि याची कुठलीही लिंक काढू नका प्लीज.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक