टायफूनची बातमी जरा नीट द्या

संपादक साहेब,

पॅसिफिकमधल्या टायफूनची बातमी तुमच्याकडे शेवटच्या पानावर चार ओळीत संपते, लोकांनाही वाटतं फिलिपिन्स कुठे अन् नागपूर कुठे. पण सप्टेंबर २०२४ चा यागी आठवा, चीनचं हैनान बेट झोडपून व्हिएतनाममध्ये घुसला, पार म्यानमारपर्यंत पूर आणले. अशा वादळांचा उरलेला ओलावा कधी कधी बंगालच्या उपसागरात पोचतो, तिथे नवा कमी दाबाचा पट्टा तयार व्हायला मदत होते अन् तो छत्तीसगडमार्गे आपल्या विदर्भावर येऊ शकतो, नेमकं तेव्हा सोयाबीन काढणीवर असतं, काटोलकडे आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी फुललेला) संत्रा झाडावर, आणि झड (सततचा पाऊस) लागली की देठाजवळ काळं पडून फळं टपाटप खाली.

तिकडे पॅसिफिकमध्ये टायफूनचा सीझन तसा वर्षभर चालतो, जोर जुलै ते ऑक्टोबर. नोव्हेंबर २०१३ च्या हैयान टायफूनमध्ये फिलिपिन्सची ६००० हून जास्त माणसं गेली हो, ती काय परकी आहेत का?

सोनेगावच्या हवामान केंद्रातल्या लोकांना विचारून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आठवड्याला एक नकाशा छापा, वादळ कुठे आहे अन् पुढे कुठे सरकतंय एवढं दाखवा, आणि तो शेतीच्या पानावर टाका.

– एक नियमित वाचक, नागपूर