रफाराची छत्री

पुणे,
रविवार, ७ मार्च २०२१

प्रिय पेंटर,

सप्रेम नमस्कार.

दहा फेब्रुवारीला तुझा फोन आला होता, त्याला आज पंचवीस दिवस झाले. तुमच्या गल्लीत तीन घरांत पुन्हा ताप आहे आणि दवाखान्यात खाट मिळवण्यासाठी लोक ओळखी काढू लागले आहेत, असे तू सांगत होतास आणि मी तुझे बोलणे अर्ध्यावर तोडून "तू पहिल्यापासूनच भित्रा" असे म्हणालो. त्यानंतर बावीस तारखेला अमरावतीत टाळेबंदी लागल्याचे मी बातम्यांत पाहिले, फोन हातात घेतला आणि परत ठेवून दिला. त्या वाक्याबद्दल तुझी क्षमा मागायची आहे. पण फोनवर ते मला जमणार नाही आणि जे घडले आहे ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही, म्हणून हे पत्र.

मी बरा आहे. आईची साखर थोडी वाढली आहे, पाठ दुखते ती नेहमीचीच.

नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवरचे काका दवाखान्यात आहेत. चोवीस तारखेला त्यांची करोनाची तपासणी झाली आणि सत्तावीसपासून त्यांना प्राणवायू लावला आहे. साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली ती एक मार्चला. मधले ते पाच दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. आत कोणालाच सोडत नाहीत, त्यामुळे काकू रोज दुपारी डबा घेऊन खालच्या फाटकाशी उभ्या राहतात. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तुझ्याबद्दल विचारला. दुसरा अंक सुरू झाला की मागच्या दाराने आत घ्यायची ती दोन पोरे त्यांच्या अजून लक्षात आहेत. त्यांतले शेंगदाणे कोण खायचा हेही त्यांना आठवते, आणि त्यांनी तुझेच नाव घेतले, त्यामुळे वीस वर्षांचा तो वाद आता निकालात निघाला असे समज.

आता मूळ गोष्ट सांगतो.

गेल्या ५ नोव्हेंबरपासून निम्म्या आसनक्षमतेने नाट्यगृहे उघडायला परवानगी मिळाली, तरी प्रत्यक्ष प्रयोग लागायला वेळ गेला. जानेवारीच्या सुरुवातीला एका निर्मात्यांचा मला फोन आला. नवे कौटुंबिक विनोदी नाटक, शुभारंभ १४ फेब्रुवारीला. माणूस सज्जन आहे, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचे वाचून तू त्यांच्यावर चिडशील. त्यांच्या नाटकाचे पडदे ओढणारा मुलगा आठ महिने हातगाडीवर कांदे-बटाटे विकत होता आणि प्रकाशयोजनेच्या माणसाने दिवे विकायला काढले होते. प्रयोग झाला तरच ज्यांना नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, मिळते, त्यांना घरी थांबा असे सांगायला माझी जीभ रेटत नाही आणि तुझीही रेटली नसती. निम्म्या खुर्च्यांवर नाटकाचा खर्च निघत नाही. त्यातून त्या निम्म्या खुर्च्याही भरल्या नाहीत, तर दुसरा प्रयोग होणार नव्हता.

मी पहिले डिझाइन केले ते तुला दाखवायला हवे होते. नाटकाचे नाव सहा अक्षरी आहे. ती सहा अक्षरे मी एक खुर्ची सोडून बसवली. शिरोरेषा तोडली, प्रत्येक अक्षराच्या शेजारी एका अक्षराएवढी जागा मोकळी ठेवली आणि त्या मोकळ्या जागांतून प्रेक्षागृहाचा काळोख दाखवला. खाली दोन्ही प्रमुख नटांचे फक्त डोळे होते, मास्कच्या वर हसणारे. निर्मात्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "अहो, प्रेक्षक चेहऱ्यावर येतो. मालिकेतला चेहरा झाकून ठेवला, तर तिकीट कोण काढणार? आणि हे नाव वाचायला मला तीन वेळा थांबावं लागलं." दुसऱ्या आक्षेपात तथ्य होते. पहिल्यातही होते, फक्त ते मान्य करताना मला त्रास झाला. आपण रद्दीतून नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचो तेव्हा नाटकाला चेहरा अक्षरांनीच मिळायचा. काळ्यापांढऱ्या दोन कॉलमांत नाव कसे वळले आहे यावरून नाटक हसवणार की रडवणार हे आपण ओळखायचो आणि बहुतेक वेळा ते अक्षर कमल शेडगे यांचे असायचे. गेल्या ४ जुलैला ते गेले. त्या दिवशी मी वही काढली होती, पण डिंक वाळून अर्ध्या जाहिराती सुट्या झाल्या आहेत. आता फ्लेक्सवर सहा फुटी हसरे चेहरे असतात आणि नाव त्यांच्या पोटावरून कुठून तरी जाते. बहुतेक प्रेक्षकांना तर पोस्टर भिंतीवर दिसतही नाही. मोबाइलवर चौकोनी आकारात येते आणि अंगठ्याने वर सरकते, त्यामुळे जे सांगायचे ते एका शब्दात सांगावे लागते.

तो एक शब्द निर्मात्यांनी मला दिला. "निर्धास्त या, पोटभर हसा." त्यातला पहिला शब्द मोठा हवा होता.

मी विरोध केला. तो खरा होता, पण पुरेसा नव्हता. 'निर्धास्त'ऐवजी 'पुन्हा' घेऊ असे मी सुचवले, 'आपले' घेऊ म्हटले. ते म्हणाले की लोकांना पुन्हा यायचेच आहे, त्यांना कोणीतरी धीर द्यायला हवा आणि तो पोस्टरने द्यावा. जानेवारीअखेर राज्यातला नव्या रुग्णांचा रोजचा आकडा दोन हजारांच्या आत आला होता. लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती, लग्नांच्या पंगती उठत होत्या, आणि १ फेब्रुवारीपासून मुंबईची लोकलही ठरावीक वेळांत सर्वांना खुली झाली. हे संपले आहे असे कोणी सांगितले नव्हते, पण प्रत्येक जण शेजारच्याच्या उघड्या तोंडाकडे पाहून ते ठरवत होता. मीही ठरवले.

आणि मग, पेंटर, मी तो शब्द फार चांगला काढला. दोन रात्री त्यात गेल्या. रफार 'धा'च्या कान्यावर बसतो. 'नि'ची वेलांटी मी उजवीकडे लांबवली, रफार डावीकडून फुगवून उजवीकडे 'स्त'च्या टोकापर्यंत उतरवला आणि दोन्ही कमानी एकमेकींत मिळाल्या तेव्हा शब्दावर छत्री उघडल्यासारखी दिसली. कट निबने कागदावर काढून मग संगणकावर घेतला. त्या वेळी मला झालेला आनंद मी तुझ्यापासून लपवणार नाही. दहा महिने हॉटेलांच्या पार्सलची पत्रके आणि सॅनिटायझरच्या बाटल्यांची लेबले केल्यावर पहिल्यांदा हाताला काम मिळाले होते. 'मास्क अनिवार्य, शासनाच्या नियमांचे पालन करून प्रयोग' ही ओळ मी अगदी तळाशी सहा पॉइंटमध्ये टाकली. मोबाइलवर ती राखाडी रेघ वाटते. कोणी मला ती बारीक करायला सांगितले नव्हते. रचनेत मोठी बसत नव्हती, म्हणून मीच बारीक केली.

तुला आपले भांडण आठवत असेलच. एकांकिका स्पर्धेच्या आधीची ती रात्र, जिन्यात सांडलेला निळा पोस्टर कलर आणि तू हातात ब्रश धरून उभा. तालीम पाहून आल्यावर तू 'तुफान विनोदी' लिहायला साफ नकार दिला होतास. मी म्हणत होतो की पोस्टरचे काम वेळ आणि जागा सांगण्याचे, बाकीचे प्रेक्षक बघून घेईल. तू म्हणत होतास की माणूस ज्या शब्दावर विसंबून दारातून आत येतो, त्या शब्दाला लिहिणारा बांधील असतो. शेवटी ते मी लिहिले. प्रयोगात दोन माणसे हसली आणि त्यांतली एक तुझी आई होती, ती बिचारी तू विंगेत ठेचकाळलास म्हणून हसली. त्या हसण्यावर आपण वर्षभर जगलो. पण तुझा मुद्दा मी कधी मान्य केला नाही.

शुभारंभाला मी कोथरूडच्या नाट्यगृहाबाहेर तासभर आधी जाऊन उभा राहिलो. दारात ताप मोजणारा मुलगा होता, हातावर सॅनिटायझर मिळत होते, एकाआड एक खुर्चीवर फुल्या मारलेल्या होत्या. काका खिडकीवर होते आणि काचेला जे गोल भोक असते त्यातून बोलायला लोक मास्क खाली ओढत होते, कारण त्याशिवाय काकांना ऐकू जात नाही. काकांनीही स्वतःचा मास्क मधून मधून खाली घेतला. तेवढ्यात एक सत्तरीचे जोडपे आले. आजोबा मोठ्या फलकाखाली उभे राहिले आणि मुलाने फोटोसाठी मोबाइल धरला. आजींनी मास्क काढला नव्हता, तेव्हा आजोबा फलकाकडे बोट दाखवून म्हणाले, "अगं, काढ तो. इथे लिहिलंय ना, निर्धास्त या." आजींनी वर पाहिले, वाचले आणि मास्क काढून पर्समध्ये ठेवला.

मी तिथून सहा फुटांवर होतो. मी त्यांना काही बोललो नाही.

आत जे झाले ते तू कल्पनेने पाहू शकतोस. पहिल्या अंकात फुल्या पाळल्या गेल्या. मध्यंतरात वड्यांच्या खिडकीवर नेहमीसारखी गर्दी झाली आणि दुसऱ्या अंकात कुटुंबे सरकून एकत्र बसली. नाटक खरोखर चांगले आहे, लोक मनापासून हसले. बंद हवा, वातानुकूलन आणि अडीच तास तोंड उघडून हसणारी शेकडो माणसे. वर्षभर डॉक्टर जे टाळायला सांगत होते, नेमके त्याचेच आमंत्रण मी दोन रात्री जागून सुंदर केले होते. मागे उभा राहून मी टाळ्या ऐकत होतो. मला आनंद होत होता आणि त्याच वेळी घशाखाली काही उतरत नव्हते.

एकवीस तारखेला मुख्यमंत्री दूरदर्शनवर बोलले आणि 'मी जबाबदार' ही मोहीम त्यांनी जाहीर केली. त्या दिवशी आकडा सात हजारांच्या जवळ होता, परवा पाच मार्चला दहा हजारांवर गेला. पुण्यात रात्री अकरानंतर फिरण्यावर बंदी आली. अशा घोषणा आपण व्यवसायाच्या नजरेने बघतो, अक्षर कसे आहे, कुठे तोडले आहे. या वेळी मी अक्षराकडे पाहिलेच नाही. ते दोन शब्द कोणीतरी माझ्या पोस्टरच्या तळाशी लिहून ठेवले आहेत असे वाटले.

काकांना आजार कुठे लागला हे कोणी सांगू शकत नाही, हे मला कळते. ते बसने येतात, मंडईत जातात, नातवाच्या मुंजीला गेले होते. ते सारे ओझे मी एका रफारावर टाकत नाही आणि नाटकावर तर मुळीच नाही. बाजार, लग्ने, प्रचार सगळे चालू असताना फक्त रंगभूमीने शिक्षा भोगावी असे माझे म्हणणे नाही. पण खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी आधीच सांगून ठेवले होते की घाबरायचे कारण उरलेले नाही, आणि त्या खिडकीच्या पलीकडे काका बसले होते. धास्ती आपल्या जागी होती, मी फक्त तिच्या आधी 'निर्' जोडले.

या आठवड्यात झोप लागेना, म्हणून १९१८ च्या इन्फ्लूएंझाविषयी मिळेल ते वाचत बसलो. मुंबईत तो आला जूनमध्ये. पहिली साथ त्या मानाने सौम्य होती, ती ओसरली, आणि सप्टेंबरमध्ये परतला तेव्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शहरात हाहाकार उडाला. देशभरातल्या मृतांचे अंदाज एक कोटीच्या पुढचे आहेत. मला छळतात ते मधले दोन-अडीच महिने. तेव्हाही दुकाने उघडली असतील, पाट्या रंगल्या असतील, आणि कोणा रंगाऱ्याने चांगल्या हाताने काहीतरी धीराचे लिहिले असेल. तू फोनवर हेच सांगत होतास, तुझ्या भाषेत, तुझ्या गल्लीतल्या तीन घरांवरून. तुमच्याकडे ते आमच्या आधी आले आणि तू मला सावध करत होतास. मी तुला भित्रा म्हणालो कारण तू म्हणत होतास ते खरे असते, तर मला फलक उतरवावा लागला असता.

वहिनींची शाळा ऑनलाइनच असेल. टाळेबंदी उद्यापर्यंत आहे असे वाचले, राजकमल चौकातले दुकान त्यानंतर उघडशील का, की अजून थांबणार? चिमणीची दहावी एप्रिलअखेर आहे ना? तिला माझे आशीर्वाद सांग. भूमितीची काळजी करू नये म्हणावे, तिच्या बापाला त्रिकोण काढता येत नव्हता तरी त्याने जन्मभर पाट्या सरळ रंगवल्या.

आता काम सांगतो, आणि ते तुलाच करायचे आहे. पुढचा प्रयोग २१ तारखेला लावायचे ठरले आहे. तो होईल की नाही ते शासनाच्या हातात आहे. तीन दिवसांपूर्वी मी निर्मात्यांकडे गेलो, आजी-आजोबांची गोष्ट सांगितली आणि जुने डिझाइन मी पुन्हा वापरू देणार नाही, हवे तर त्याचे पैसे परत घ्या, असे स्पष्ट म्हणालो. ते बराच वेळ गप्प बसले. काकांशी त्यांचीही तीस वर्षांची ओळख आहे. मग त्यांनी विचारले, "मग लिहायचं काय?" मी 'जपून या' म्हणालो. हे दोन शब्द मोठे, नटांच्या चेहऱ्यावर मास्क, आणि प्रवेशाचे नियम तळाशी नव्हे तर तारीख-वेळेच्या बरोबरीने, त्याच आकारात. ते म्हणाले की करून दाखवा, मग बघू. होकार अजून आलेला नाही.

मी तीन दिवस तो शब्द काढतो आहे आणि मला तो येत नाही. माझ्या हातून 'जपून' एकतर दवाखान्यातल्या सूचनेसारखा होतो, नाहीतर गोड होतो. मुलगा रात्री उशिरा गाडीवर निघाला की दारातून आई जसे म्हणते, तसा तो हवा आहे. तुझ्या पट्टीब्रशचा 'ज' मला ठाऊक आहे, तो पुढे झुकतो. 'पू'चा ऊकार तू खाली नेऊन 'न'च्या पायाशी आणतोस, तो तसाच ठेव, हात धरल्यासारखा. छत्री करू नकोस.

पांढऱ्या कागदावर काळ्याने काढ आणि मोबाइलवर फोटो पाठव, वरून सरळ धरून, खिडकीच्या उजेडात. गुरुवारपर्यंत मिळाला, तर शुक्रवारी जाहिरातीला देता येईल. शक्य झाले तर मूळ कागदही टपालाने पाठव. काकूंच्या हाती दिला, तर कोणा परिचारिकेकरवी तो काकांच्या खाटेशी पोचेल. तुझे अक्षर ते ओळखतील.

तुझा,
मी

ता. क. मागच्या दाराची किल्ली अजून काकांच्याच खिशात आहे. नाट्यगृहातल्या कोणीही ती मागितलेली नाही.