मेलेल्या माकडाची बातमी द्यायची कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काजूला मोहोर आला की आमच्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची, म्हणजे गोचिडी चावून होणाऱ्या विषाणूच्या तापाची, बोलणी सुरू होतात. २०१६ पासून हे असेच चालले आहे. गोचिडी चावू नयेत म्हणून अंगाला लावायचे डेपा तेल आशाताई घरोघर देऊन जातात आणि आम्ही ते फळीवर ठेवून देतो. घामाने ते डोळ्यांत उतरते, ही आमची सबब.

दोन वर्षांपूर्वी बागेच्या वरच्या गडग्यापाशी एक वानर मरून पडले होते. खरे सांगायचे तर मला वाईट वाटले नाही. त्या साली निम्मी शहाळी त्याच टोळीने पाडली होती. गड्याने शेपटीला धरून ते ओढत नेले, आम्ही पुरले, वर नारळही फोडला. सहाव्या दिवशी गडी तापाने फणफणला. डोळे लाल, अंग ठणकतेय, डोके उचलवत नाही. माकडताप असल्याचा तपासणी अहवाल आला तेव्हा तो उठून पेज पीत होता. या तापावर नेमके औषध नाही. सलाईन लावायचे आणि कुठे रक्तस्राव होत नाही ना, यावर नजर ठेवायची. तो वाचला.

माकड थंड पडले की अंगावरच्या गोचिडी उतरून पालापाचोळ्यात पसरतात, हे मला नंतर कळले. म्हणूनच त्या जागेभोवती मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकतात. पण माकड मेले हे वेळेत कळले तर ना! १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची (एनआयव्ही) माणसे तिथे पोचली. मेलेल्या माकडांचा माग धरूनच हा विषाणू सापडला.

गेल्या साली दुसरे माकड दिसले. या वेळी हात न लावता फोन केला. एका कार्यालयाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, तिसऱ्याने पुन्हा पहिल्याचा. संध्याकाळपर्यंत कुत्र्यांनी ते ओढून नेले.

जुनी लस फारशी गुणकारी ठरली नाही, तिचे उत्पादन थांबले. नवीवर काम चालू आहे. ती येईल तेव्हा येईल. तोवर तालुक्याला एकच नंबर द्यावा आणि तो उचलणाऱ्याने वनखाते, आरोग्यखाते, पशुसंवर्धन या तिघांनाही कळवावे. माझी बाग रस्त्याला लागून आहे. नंबर जाहीर झाला तर फाटकावर मी तो स्वखर्चाने रंगवून घेईन.

आपला,
एक काजू बागायतदार, ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग