‘ने’ म्हणजे हो!

पुणे, ५ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

अथेन्सला आमच्या दोन बस चुकल्या त्या तुझ्यामुळे. थेट तुझ्यामुळे नव्हे, तुझ्या मालवणीमुळे. पिरेउस बंदरावर जाऊन बोट धरायची होती. बस आली की मी ड्रायव्हरला विचारायचो, ‘पिरेउस?’ तो म्हणायचा, ‘ने, ने.’ हॉस्टेलच्या खोलीत चार वर्षं तुझं ‘नाय, नाय’ ऐकून तयार झालेला माझा कान! मी मुकाट मागे सरायचो. तिसऱ्या बसला हिनेच मला आत ढकललं. ‘अहो, तो हसतोय बघा. नाही म्हणणारा असा हसेल का?’

ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. लिहिताना तर अक्षरं चक्क ‘नाइ’ अशीच! आणि नाहीला ‘ओही’. घाईत ऐकलं तर आपलं ‘हो हो’च. वर नकार देताना भुवया उंचावून मान जराशी मागे टाकतात. मला वाटायचं, माणूस जवळ बोलावतोय.

त्यातच २८ ऑक्टोबर आला. रस्तोरस्ती झेंडे, मुलांची संचलनं. म्हटलं, काय आहे? तर ‘ओही’चा दिवस, म्हणजे नकाराची राष्ट्रीय सुट्टी! १९४० साली याच तारखेला पहाटे इटलीचा राजदूत पंतप्रधान मेताक्सास यांच्या दारात अंतिम इशारा घेऊन उभा राहिला आणि त्यांनी नकार दिला. गंमत म्हणजे ते ‘ओही’ म्हणालेच नव्हते. ते फ्रेंचमध्ये म्हणाले, ‘मग युद्धच.’ ‘ओही’ लोकांनी त्यांच्या तोंडी घातलं.

मग मला नादच लागला. नकाराच्या बाबतीत युरोपातले बरेचसे लोक आपले भाऊबंदच आहेत. लॅटिन नोन, जर्मन नाइन, इंग्रजी नो, सगळ्यांत आपल्या संस्कृतातला तो ‘न’ बसलेला आहे. रशियन ‘न्येत’च्या पोटात तर ‘न’ आणि ‘आहे’ दोन्ही आहेत. म्हणजे आपलं नास्तिच की! पण होकाराला सामायिक वडिलोपार्जित शब्द नाही. तो ज्याने त्याने आपापला जमवलाय.

लॅटिनमध्ये तर ‘हो’साठी एक ठरलेला शब्दच नव्हता. आला का? आला. पाहिलंस का? पाहिलं. आयरिश लोक आजही असंच बोलतात, त्यांच्याकडे स्वतंत्र ‘हो’ नाही. आपणही ‘जेवलास?’ला ‘जेवलो’ म्हणतोच ना? पुढे लॅटिनच्या लेकी वेगळ्या निघाल्या तेव्हा प्रत्येकीने घरातलं एकेक भांडं उचललं. इटालियन आणि स्पॅनिशने ‘सिक’ म्हणजे ‘असं’ हा शब्द घेतला, त्याचं ‘सी’ झालं. पोर्तुगीजांचं ‘सिं’ही तेच. दक्षिण फ्रान्सने ‘होक’ म्हणजे ‘हे’ उचललं, त्याचं ‘ओक’. उत्तरेकडे त्याला सर्वनाम जोडायची पद्धत पडली. तू आलास का? ‘हे मी.’ तो आला का? ‘हे तो.’ हळूहळू ‘हे तो’ सगळ्यांनाच चालायला लागलं. ते ‘ओईल’, आणि त्याचंच घासून ‘वी’ झालं. म्हणजे फ्रेंच नवरी आज लग्नात ‘वी’ म्हणते तेव्हा मुळात ‘हे तो’ म्हणत असते! हे वाचून ही म्हणाली, बरोबरच आहे, बोट दाखवून म्हणत असेल.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कवी दान्तेने या भाषांची वाटणी होकारावरूनच केली: ओकवाले, ओईलवाले, सीवाले. दक्षिण फ्रान्समधल्या एका मुलखाचं नावच ‘लांगदोक’, म्हणजे ‘ओक’ची भाषा. त्या हिशोबाने आपल्याकडे पुणं ‘हो’ देशात आणि कोल्हापूर ‘व्हय’ देशात. सीमावाद नक्की.

इंग्रजांकडे एके काळी चार शब्द होते. ‘आलास का?’ला ये किंवा ने, आणि ‘आला नाहीस का?’ला येस किंवा नो. (तिथे ‘ने’ म्हणजे नाही. ग्रीकांनी आमची बस उगाच चुकवली.) बायबलच्या भाषांतरात टिंडेलने ‘ने’च्या जागी ‘नो’ लिहिलं म्हणून १५३२ साली इंग्रज विद्वान टॉमस मोर त्याच्यावर घसरला. पण तो नियम समजावून सांगताना मोरने स्वतःच उलटापालट केली! मग सामान्य माणसाने दोन शब्द टाकून दिले यात नवल काय?

नकारार्थी प्रश्नाला ठासून ‘हो’ म्हणायला फ्रेंचांकडे ‘सी’ आणि जर्मनांकडे ‘डोख’ आहे. इंग्रजी त्याला मुकली. मी मात्र निश्चिंत आहे. ‘तू आला नाहीस ना?’ ‘आलो की!’ या ‘की’त सगळं आलं.

पोलिश लोक गप्पांत ‘नो’ म्हणतात ते होकारार्थी, आणि उत्तर स्वीडनमध्ये तर शब्दही लागत नाही. श्वास झर्रकन आत ओढला की झाला होकार. तिथे माझ्या दम्याने काय काय कबूल करून टाकलं असतं कोण जाणे.

असो. डिसेंबरात पुण्याला येतोयस ना? खोली झाडून ठेवलीय. ‘नाय’ असं कळवलंस तर ते ग्रीक समजून मी स्टेशनवर न्यायला येईन.

तुझा,
दिग्या