कळसूबाईवर एकट्याने जाताना

संपादक महोदय,

बारी गावातून १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर एकट्याने चढून त्याच दिवशी परतणारे अनेक असतात. वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि दाट धुके नसेल तर चुकण्याची भीती फारशी नाही. माझा आक्षेप एकटे जाण्याला नसून उशिरा निघण्याला आहे. परतीच्या पावसाच्या दिवसांत सकाळचे आकाश पुष्कळदा निरभ्र असते. मात्र दुपारी तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढून तासा-दोन तासांत गडगडाटी ढग उभे राहतात आणि अशा वेळी उघड्या कड्यावर लोखंडी शिडीला धरून असण्याइतकी धोक्याची दुसरी जागा नाही. माथ्यावरचे छोटेखानी मंदिरही विजेपासून खात्रीचा आसरा नव्हे. पहाटे निघून दुपारपूर्वी शिड्या उतरणे, हाच त्यावरचा उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची सूचना देते, पण त्यासाठी मोबाइलला रेंज हवी (डोंगरात तिचा काय भरवसा!). वनविभागाने पायथ्याशी एकट्या जाणाऱ्यांची निघण्याची आणि परतण्याची वेळ नोंदवणे सक्तीचे करावे, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी शोध सुरू करता येईल.

– एक गिरिभ्रमणप्रेमी वाचक, नाशिक